बळदातली फटफटी

मित्रांनो, मी एक जुनी फटफटी आहे. तुम्ही मला मोटारसायकल म्हणाल. पण ज्या गावात माझं आयुष्य गेलं तिथं मला सगळे फटफटीच म्हणत, आणि मलाही तेच नाव आवडतं. माझ्या टाकीचा रंग आता उडाला आहे, पुढचा दिवा फुटला आहे. माझ्या उजव्या कुशीला मात्र पितळेची एक लहानशी नळी बसवलेली आहे आणि तिच्यावर पितळेचंच झाकण आहे. मला पाहायला येणारी जाणती माणसं तिथं थबकतात आणि म्हणतात, "ही नळी कंपनीची नाही." खरं आहे. ती मला अंधारात, भिंतीच्या पोटात असताना मिळाली. तीच हकिगत सांगते.

माझा जन्म विलायतेतला. तिथून मी बोटीनं मुंबईला आणि आगगाडीनं सोलापूरला आले. माझा पहिला मालक एक गोरा साहेब होता. मला पुसायला त्याच्याकडे एक नोकर होता आणि तेल बघायला दुसरा. तेल बघायला वेगळा नोकर लागत असे, याचं कारण माझी ठेवणच तशी होती. इंजिनाचं तेल माझ्या पोटातच, पुढच्या कप्प्यात भरलेलं असे. ते किती उरलं हे कळण्यासाठी अगदी खाली, डाव्या बाजूला, धुराच्या नळीमागं एक स्क्रू होता. जमिनीवर आडवं पडायचं, पाना लावून तो स्क्रू काढायचा. तेल ओघळलं तर ठीक. नाही ओघळलं तर कमी आहे. पण किती कमी, हे काही कळत नसे. नळी तापलेली असली तर मनगट भाजे, ते निराळंच.

साहेब विलायतेला परत गेला तेव्हा मला शांतलिंग डॉक्टरांनी विकत घेतलं. त्यांचं गाव येरमाळ्याजवळ, निजामाच्या मुलखात. आसपासच्या तीसेक गावांत दुसरा डॉक्टर नव्हता. माझा आवाज शिवारात घुमला की खुरपणाऱ्या बाया कंबर सरळ करून म्हणत, "डाक्टर आला गं!" खाटेवरचा रोगी माझा आवाज ऐकूनच थोडा बरा होतो, असंही लोक बोलत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

पण मित्रांनो, डॉक्टरांना एक खोड होती. ते माणसांची नाडी बघत, डोळे बघत. माझं तेल मात्र कधी बघत नसत. त्यांना वेळ नसे, आणि पांढऱ्या धोतरानं जमिनीवर आडवं कोण पडणार?

एकदा उन्हाळ्यात येडशीच्या घाटात माझ्या पोटातलं तेल संपलं. आधी मला चटके बसू लागले. मग आतला दट्ट्या नळकांड्यात घट्ट अडकला आणि मी चढावर जागच्या जागी थांबले. डॉक्टर बॅग घेऊन चालत निघाले. घाटापलीकडच्या एका वाडीत एक बाई बाळंतपणाला अडली होती. ते पोचले तेव्हा आई वाचली, मूल गेलं होतं.

मला बैलगाडीत घालून घरी आणलं. गावच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन चालवणारे दगडोबा मिस्त्री मला बघायला आले. त्यांनी स्क्रू काढून बघितला, माझ्या पोटात बोट घातलं आणि ते कोरडं बोट डॉक्टरांसमोर धरलं.

"डाक्टरसायब, तुमी येईल त्या माणसाला जीभ दाखव म्हनता. हिची जीभ कवा बघितली का?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "तिला जीभ असती तर बघितली असती, मिस्त्री," ते म्हणाले.

"मग बसवू की. वरून काढता येईल अशी काडी बसवतो. काढली, पुसली, बुडवली, बघितली. आडवं पडायचं काम न्हाय."

पण सोलापूरहून नवा दट्ट्या आला, मी चालू झाले, आणि काडीचं राहून गेलं. मी चालत होते ना, मग कोणाला घाई होती? डॉक्टर "पुढच्या महिन्यात करू" म्हणत राहिले. असे पुष्कळ महिने गेले.

मग सत्तेचाळीस साल उजाडलं. पलीकडं बार्शीत तिरंगा लागला आणि आमच्याकडं निजामाचीच सत्ता राहिली. रस्त्यावर नाके बसले. हत्यारं घेतलेल्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. गाड्या चावडीवर जमा करा, असा निरोप आला. दोन गावांपलीकडच्या एका व्यापाऱ्याची मोटार अशी नेली होती; ती परत आली नव्हती.

डॉक्टरांच्या पत्नीचं नाव जगदेवी. त्या कमी बोलत, पण बोलल्या की काम ठरत असे. त्या म्हणाल्या, "बळद रिकामंच हाय. तिथं ठिवू."

बळद म्हणजे धाब्याच्या घरात दोन भिंतींच्या मध्ये केलेली धान्याची अरुंद कोठी. तिला दार नसतं. माळवदावरून, म्हणजे मातीच्या छतावरून, धान्य ओतायचं आणि खालच्या भोकातून हातानं काढायचं. बाजाराच्या दिवशी सगळा गाव येरमाळ्याला गेला असताना डॉक्टर आणि दगडोबांनी बळदाची एक बाजू उकलली. माझं हँडल उतरवलं, प्लग काढून त्या जागी चिंधीचा बोळा घातला आणि मला आत ढकललं. डोक्यावर आडव्या फळ्या टाकून त्यांवर हातभर ज्वारी पसरली. मग भिंत पुन्हा चिणली, वरून शेण-मातीनं सारवली. चावडीवर डॉक्टरांनी सांगितलं, "गाडी बार्शीला विकली."

मित्रांनो, ते दिवस कसे सांगू? माझ्या दोन्ही कुशींना भिंती टेकल्या होत्या. पुढं भिंत, मागं भिंत. उजव्या बाजूला हात जाईल एवढं भोक, त्यालाही लाकडाची गुडदी ठोकलेली. पलीकडं माणसांचा आवाज येई. "डाक्टर हायेत का?" असं कोणी घाबऱ्याघुबऱ्या विचारी, आणि डॉक्टर पायी निघून जात. मी पाच मिनिटांत पोचवलं असतं तिथं त्यांना तास लागे. माझी चाकं जागची हलू शकत नव्हती. घुशी माझ्या सीटचं चामडं कुरतडत होत्या. दिवस कोणता, रात्र कोणती, हे मला फक्त जात्याच्या घरघरीवरून कळे.

आणि मला गळती लागली. पोटाखालचा जुना कागदी पट्टा उकलला आणि तेल थेंबथेंब बाहेर जाऊ लागलं. संक्रांतीच्या आधी जगदेवी भिंत सारवत होत्या तेव्हा त्यांना खाली काळा ओलसर डाग दिसला. त्यांनी दगडोबांना बोलावून घेतलं.

दगडोबा डागाला नाक लावून म्हणाले, "तेल गळतंय. वैनी, नुसती ठिवून भागायचं न्हाय. आठवड्याला एकदा किक दाबून तेल आत फिरवलं न्हाय तर गंज चढंल आन् दट्ट्या कायमचा बसंल. पर तेलच कमी असलं तर फिरवून तरी काय करायचं? आन् किती हाय ते बघायचं कसं? त्यो स्क्रू तिकडच्या भिंतीला चिकटलाय."

"भिंत पुन्हा उकलायची का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नगं. आख्ख्या गावाला दिसंल. म्या वरून उतरतो. ती काडी ऱ्हायली व्हती न्हवं? आता आतच बसवतो."

मग त्यांनी खिशातून सुतळी काढली आणि जगदेवींच्या बोटांपासून कोपरापर्यंत माप घेतलं. डॉक्टर हसले, "हे कशाला?"

"बघनार कोन? वैनीच. मग काडी वैनीच्या हाताला गावाय पायजे, माझ्या न्हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी माळवदावरून ज्वारी बाजूला सारून, एक फळी उचलून दगडोबा आत उतरले आणि जगदेवींनी वरून फळी लावून ज्वारी पुन्हा पसरली. फळ्यांखाली, माझ्या टाकीवर पोट टेकून ते पालथे पडले. आत रॉकेलची चिमणी आणता येत नव्हती, कारण माझ्या टाकीत अजून पेट्रोलचा वास होता. सगळं काम चाचपडत. त्यांनी बोटांनी माझं पोट टकटक करत चाचपलं. फिरणारी चाकं कुठं आहेत, तेलाचा कप्पा कुठं आहे, हे त्या आवाजावरून ठरवलं. जागा चुकली असती तर मी कायमची निकामी झाले असते. त्यांनी गिरमिटाच्या टोकाला चरबी माखली, म्हणजे धातूचा भुगा आत न पडता तिलाच चिकटेल, आणि हातानं फिरवायला सुरुवात केली.

बाहेर जगदेवी आणि त्यांच्या सासूबाई इरम्मा जात्यावर बसल्या होत्या. गिरमिटाचा आवाज लपावा म्हणून त्या दोघी दुपारपासून दळत होत्या. गिरमिट माझ्या अंगात शिरत होतं. मला घडवणाऱ्यांनी जिथं कधी भोक ठेवलं नव्हतं तिथं ते भोक पडत होतं, आणि मी भीतीनं गार झाले होते.

भोक पडलं, आटेही पाडून झाले, आणि तेवढ्यात अंगणात बुटांचे आवाज आले. चावडीचा जमादार चार माणसं घेऊन आला होता.

"डॉक्टरची गाडी कुठं आहे?"

जातं थांबलं नाही. इरम्मा म्हणाल्या, "बार्शीला इकली म्हून सांगितलंय की. डाक्टर गेलाय पेशंट बघाय. बसा, पानी पिता का?"

"घर बघायचं आहे."

ते माळवदावर चढले. माझ्या डोक्यावर त्यांची पावलं वाजली. धान्य तपासायची लांब सळई घेऊन एकानं बळदातल्या ज्वारीत खुपसली. खट्! सळई फळीवर आपटली. फळीच्या खाली, तिच्यापासून चार बोटांवर दगडोबांचं डोकं होतं. त्यांनी श्वास रोखला. त्यांच्या कपाळाचा घाम माझ्या टाकीवर टपटप पडत होता.

"खाली काय आहे?" जमादारानं वरून विचारलं.

जगदेवींनी दळता दळताच वर तोंड केलं. "फळ्या हायेत. तळाला ओल धरतीया, दोन सालं झाली. दोन पोती ज्वारी काळी पडली. काढून बघायची तर बघा. पर परत तुमीच भरून द्यायची. आत्ता घरात गडी मानूस न्हाय."

 हातभर ज्वारी उपसायची कोणालाच हौस नव्हती. सळई निघाली, पावलं उतरली, बूट अंगणाबाहेर गेले. दगडोबांनी सोडलेला श्वास माझ्या सगळ्या अंगावरून गेला. मला त्या क्षणी वाटलं की आम्ही दोघंही एकाच सापळ्यात आहोत. फरक इतकाच की ते माझ्यासाठी आपणहून आत आले होते.

मग त्यांनी पितळेची नळी आटे धरून बसवली. झाकणाला सायकलच्या चाकाची एक तार डाख देऊन जोडली होती. तिच्यावर कानशीनं दोन खुणा केल्या होत्या: वरची भरल्याची, खालची धोक्याची. झालं. माझी जीभ तयार झाली.

त्यानंतर दर सोमवारी भोकाची गुडदी निघे. जगदेवींचा हात आत येई. बांगड्या वाजू नयेत म्हणून त्या मनगटाला फडकं गुंडाळत. झाकण फिरवून काडी बाहेर काढत, पुसत, पुन्हा बुडवत आणि उजेडात धरून बघत. "खालच्या खुणंपाशी आलंय," असं त्यांनी सांगितलं की दगडोबा गिरणीतून बाटलीभर तेल आणून देत आणि त्या ते नळीतून ओतत. मग त्या हात थोडा मागं नेऊन किक दोनदा दाबत. माझ्या आत तेल फिरे, दट्ट्या खालीवर होई. आठवड्यातला तेवढाच एक क्षण मी यंत्र असे. बाकीचे सहा दिवस मी भिंतीतला दगड होते. असे सात महिने गेले.

श्रावणात पटकीची साथ आली. तीन गावांत मिळून चाळीस माणसं अंथरुणाला खिळली. डॉक्टरांकडची सलाइन दोन दिवसांत संपली. नाकेबंदीमुळं औषधं येत नव्हती. बार्शीच्या दवाखान्यात डॉक्टरांचे एक मित्र होते. पण बैलगाडी चिखलातून जाऊन येईपर्यंत निम्मी माणसं गेली असती.

सकाळी डॉक्टर घरी आले आणि ओसरीवर बसले. त्यांचे डोळे लाल होते. "जगदेवी, भिंत उकलली तर..."

"उकलली तर काय हुतंय ते ठाव हाय मला," त्या म्हणाल्या आणि पहार घेऊन आल्या.

पहिला दगड निघाला आणि माझ्या अंगावर ऊन पडलं. मित्रांनो, मी नऊ महिन्यांनी ऊन बघत होते! दगडोबांनी काडी काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं आणि गिरणीतलंही संपलं होतं.

"एरंडेल हाय का?" त्यांनी विचारलं.

"जुलाबाचं? त्याच्या सहा बाटल्या आहेत," डॉक्टर म्हणाले.

"द्या. चालतंय. पर ह्या तेलात मिसळत न्हाय ते, हे समदं काढून टाकतो." जुनं तेल काढलं, एरंडेल ओतलं, काडी बघितली: वरच्या खुणेला. पेट्रोल डॉक्टरांनी कपाटात 'विष' अशी चिठ्ठी लावलेल्या बाटल्यांत ठेवलं होतं. हँडल बसलं, प्लग बसला. चौथ्या किकला मी ओरडले. अंगणातल्या कोंबड्या उधळल्या, आणि इरम्मांनी पदरानं डोळे पुसले.

"रोगी सोडून मला जाता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

"तुमी कशाला? म्या हाय की."

नाका टाळून दगडोबा माळावरच्या मुरमाड वाटेनं गेले. वाटेत ते दोनदा थांबले. खाली न उतरता, पाय टेकवून वाकले, काडी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली, बघितली, पुन्हा निघाले. माझा एरंडेलाचा गोडसर धूर सगळ्या माळावर पसरला होता. बार्शीत त्यांनी चांगलं तेल घेतलं आणि एरंडेल काढून ते भरलं. सलाइनच्या बाटल्या कडब्यात गुंडाळून दोन पोत्यांत भरल्या, आणि दिवस मावळायच्या आत आम्ही गावात होतो. चाळीसातली छत्तीस माणसं वाचली.

पण माझा आवाज लपणारा नव्हता. तिसऱ्या दिवशी जमादार आला. मी उकललेल्या भिंतीपाशी उभी होते. डॉक्टर पुढं झाले. पण ते बोलायच्या आधी दगडोबा बोलले.

"गाडी माझीय. डाक्टरनी मला इकली. म्याच लपीवली व्हती."

डॉक्टर काही म्हणणार तोच दगडोबांनी त्यांच्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "रोगी सोडून जाता येत न्हाय म्हनला व्हता तुमी."

दगडोबांना उस्मानाबादच्या तुरुंगात नेलं, मला चावडीवर. तिथं चार भिंती नव्हत्या. मी उघड्यावर होते, रोज रस्त्यावर धावत होते. जो येई तो मला किक मारी आणि पिटाळी. झाकण तिथंच होतं, हाताशी. ते कोणी फिरवलं नाही. पंधरा दिवसांत माझं तेल संपलं आणि दट्ट्या पुन्हा नळकांड्यात अडकला. मग मला गोठ्याशेजारी लोटून दिलं. तेव्हा मला बळदातल्या सोमवारांची आठवण झाली, आणि भिंतीत असताना मी इतकी कोंडलेली नव्हते, असं वाटलं.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाची सत्ता संपली. डॉक्टर आणि जगदेवी बैलगाडी घेऊन मला न्यायला आले. मला अंगणात उतरवत होते तेवढ्यात वेशीकडून एक माणूस चालत आला. आधी कोणी ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, एक पाय ओढत, डोक्यावरचे केस पांढरे. ते दगडोबा होते.

त्यांनी कोणाला रामराम केला नाही. सरळ माझ्यापाशी आले, झाकण फिरवलं, काडी बाहेर काढली. कोरडी. त्यांनी ती हातावर पुसून पुन्हा बघितली. कोरडीच.

"वरच्या वर बघायची सोय केली व्हती," ते म्हणाले. "वाकायचंबी काम नव्हतं. तरी कुनी बघितलं न्हाय व्हय गं तुला?"

"मिस्त्री, ती ऱ्हाऊ द्या," जगदेवी म्हणाल्या. त्यांनी घोंगडी आणून अंथरली. "आदी तुमी बसा. तुमचं कुनी बघितलं का इतक्या दिसांत?"

दगडोबा बसले. त्यांनी काडी गुडघ्यावर आडवी ठेवली.  जमादाराची सळई डोक्यावर वाजली तेव्हाही न हललेला तो माणूस लेकरासारखा हुंदके देऊन रडू लागला. इरम्मांनी गरम पाणी आणलं. डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवरची बंडी वर केली, माराचे वळ बघितले आणि औषधाची पेटी उघडली.

मला पुन्हा चालू करायला दगडोबांना दीड महिना लागला. दगडोबांना बरं व्हायला त्याहून जास्त. त्यानंतर मी पुष्कळ वर्षं धावले.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी मुकाट्यानं काम करत असेल. ते यंत्र असेल तर आठवड्यातून एकदा त्याचं तेल बघा. ते ओरडेपर्यंत थांबू नका. आणि ते माणूस असेल, तर त्याला समोर बसवा आणि विचारा. "मी बरा आहे" एवढ्यावर उठून जाऊ नका. थोडा वेळ तिथंच बसा.